आजोबांसाठी ऐकलेले आवाज

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा माझ्यावर रागावलेत का? मी काहीही विचारलं तरी नुसते हसतात." तुमच्या बाबांनी फोन पटकन आपल्याकडे वळवला आणि तिकडच्या थंडीबद्दल बोलायला लागले. मीही गप्प बसले, कारण आजोबा माझ्या शेजारीच होते आणि खरोखरच हसत होते. मी हसले की ते हसतात. मी मान हलवली की तेही हलवतात.

ते रागावलेले नाहीत. त्यांना तुमचं बोलणं ऐकू येत नाही. "थोडं कमी ऐकू येतं" असं तुम्हाला सांगितलं गेलं आहे, ते तितकंसं खरं नाही. शिवाय पुढच्या सुट्टीत तुम्ही याल तेव्हा हायवेवरच्या आपल्या वर्कशॉपच्या जागी टायरचं दुकान दिसेल. मग तुम्ही विचाराल, आणि पाहुण्यांच्या गडबडीत मी काहीतरी सोपं उत्तर देऊन मोकळी होईन. म्हणून आत्ताच, क्रमाने लिहून ठेवते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकले, नोकरीभर हायस्कूलमध्ये इंग्रजीच शिकवलं, आणि हे लिखाण सुरूही इंग्रजीतच केलं होतं. पण यातले आवाज मी मराठीत ऐकले आहेत. त्यांना तिकडचे शब्द लावले की ते दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूचे वाटायला लागतात. तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. त्यांचं लहानपण त्याच शेडमध्ये गेलं आहे, अडेल तिथे ते सांगतील.

आजोबा फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. आमच्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा काहीही असो, मेजर म्हणतात. परत आल्यावर या मेजरांनी उंब्रजच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला लागून पत्र्याची शेड घातली. गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून जमिनीत खड्डा बांधून घेतला आणि दारावर पाटीसुद्धा लावली नाही. पाटीची गरज पडली नाही. पुण्याकडे जाणारे सांगलीचे लोक थांबायचे, लोणंदकडचे मुद्दाम वाट वाकडी करून यायचे.

बहुतेक गाड्यांचे आजार साधे असत. धूर काळा येतोय, तर हवेची जाळी धुळीने बुजलेली. गाडी तापतेय, तर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. ही आमच्या भागातल्या लोकांची जुनी खोड आहे. कूलंट विकत आणायचं सोडून शेतातलं पाणी कॅनमध्ये भरून गाडीत ठेवतात आणि रेडिएटरला पाजतात. त्या पाण्यातल्या क्षारांनी आतल्या नळ्या बंद होतात. आजोबा झाकण उघडून आत बोट घालायचे आणि बोटाला लागलेली पांढरी पूड मालकाच्या नाकासमोर धरायचे. "ह्या पाण्याचा च्या तरी हुतोय का रं? मग गाडीला कशाला पाजतोस?"

पण इंजिनाचा आवाज बदलला की काम वेगळं असे. आजोबा लगेच बॉनेट उघडत नसत. लांब स्टुलावर बसून हुकूम सोडायचे. "चालू कर. रेस दे. सोड. परत दे. बास, बंद." मग उठून एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. डॉक्टर छातीवर नळी फिरवतात तसं टोक जागोजागी फिरायचं. एका जागी थांबायचे. "हितं हाय." तिथे असायचंच.

मी हे लग्नानंतर इतकी वर्षं पाहिलं होतं की त्यात पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं. म्हणून एका दुपारी डबा घेऊन शेडच्या दारात गेले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरलेली दिसली, तेव्हा मी जागीच थांबले. डोळे मिटलेले, मान पुढे झुकलेली, आणि टोक इंजिनावर. गाडीचा मालक हसत होता. "मेजर, भूक लागली व्हय? गाडी खाताय का आता?" आजोबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेही हसले. गाडी बंद झाली. शेड शांत झाली. मी दारातून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मालकाने मागे वळून पाहिलं, आजोबांनी पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "दातातनं हाडाला कळतंय अजून थोडं. कानातनं न्हाई."

मागचं सगळं तेव्हा जुळलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलं की ते चुकायचे. फोन वाजत राहायचा. बारीक आवाज आधी गेले होते, आणि मी समजत होते की नवऱ्याचं घरात लक्ष नाही. घरात लक्ष नसलेला नवरा ही काही डॉक्टरकडे नेण्याची गोष्ट नसते. साताऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतली नस गेली आहे. फौजेतले जनरेटर, ट्रक, पुढे शेडमधला कॉम्प्रेसर आणि पत्र्यावर आपटणारे हातोडे, असं वर्षानुवर्षं साचलेलं आहे. हे परत येत नाही, जे उरलंय तेही हळूहळू जाईल, असं ते म्हणाले. अतिशय सभ्यपणे म्हणाले.

तुमच्या बाबांनी तिकडून चांगलं श्रवणयंत्र पाठवलं. ते लावून आजोबा सकाळी वर्कशॉपला गेले आणि दुपारी खिशात घालून परत आले. "ह्याच्यात समदं सारखंच वाजतंय. पाना पडला तरी तेच, अन् इंजिन ठोकलं तरी तेच." आवाज मोठा होत होता, पण त्यातून त्यांना हवा असलेला वेगळा काढता येत नव्हता.

त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. "डोळं गेलं तर मेकॅनिक चाचपून काम करंल. कान गेला की शटर ओढायचं." मी म्हटलं, "शटर ओढून काय कराल?" त्यांना प्रश्न ऐकू आला नाही की आला, हे मला कळलं नाही. पण मला स्वतःला उत्तर माहीत होतं. या माणसाला शेत कसायला आवडत नाही, देवळात बसायला आवडत नाही, पत्ते येत नाहीत. शटर ओढलं की पुढे काहीच नव्हतं.

मी समोर जाऊन, त्यांना माझे ओठ दिसतील अशी बसले आणि म्हणाले, "मी ऐकते."

"तू? तुला टॅपेट कळतंय व्हय?"

"नाही कळत. आवाज कळतात. फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावर कोण पुटपुटतंय ते ओळखण्यात माझी नोकरी गेली."

ते खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

शेडच्या मागे एक जुनं इंजिन चौकटीवर बसवलेलं होतं. त्यावर माझी शाळा सुरू झाली. ते मुद्दाम एखादी वस्तू ढिली करायचे, इंजिन चालू करायचे, आणि मी ऐकून कशासारखं वाटतं ते सांगायचे. यंत्रांची नावं मला येत नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातली दिली. पोळ्या लाटताना बांगडी पोळपाटाला लागून वाजते तशी बारीक टिकटिक आली, तर व्हॉल्व्ह ढकलणारा टॅपेट ढिला. तव्यावर उलथनं आपटल्यासारखा करकरीत आवाज, तर डिझेल उडवणारं नोझल बिघडलेलं. डब्यात सुटी सुपारी खुळखुळते तसं गार इंजिनात वाजलं आणि गरम झाल्यावर थांबलं, तर पिस्टन झिजलेला. जात्याची घरघर म्हणजे फिरणारं एखादं बेअरिंग. आणि खलबत्त्यात काहीतरी कुटल्यासारखा खोल, जड ठोका म्हणजे पिस्टनला धरणारा रॉड. तो सगळ्यात वाईट, कारण त्यासाठी इंजिन उतरवून खोलावं लागतं.

गिऱ्हाइकांना हे कळू द्यायचं नव्हतं. म्हणून आम्ही चहाची युक्ती काढली. गाडी चालू झाली की मी ट्रे घेऊन जायचे, बॉनेटजवळून वळसा घालून कप द्यायचे, मग आजोबांना कप देताना त्यांच्या उजव्या, अजून थोडं ऐकू येणाऱ्या कानाला लागून एक शब्द सांगायचे. "बांगडी." "जातं." ते गंभीरपणे चहा प्यायचे आणि थोड्या वेळाने निकाल द्यायचे. आसपासचे निम्मे ड्रायव्हर माझे विद्यार्थी होते. त्यांच्या बाई रिटायर झाल्यावर ऑइलच्या डागांतून चहा घेऊन हिंडताना पाहून त्यांना गंमत वाटायची.

"बाई, तुमी कशाला हितं? साडीला ग्रीस लागंल."

"तुझ्या वहीला लागायचं तेवढं नाही लागणार."

"आन् मेजरांच्या कानात काय सांगताय सारखं?"

"घरातलं."

एकदा आवाज फार मोठा होता, म्हणून मला मोठ्याने "उलथनं!" असं ओरडावं लागलं. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "आवं बाई, भाकरी करपली वाटतं घरी, पळा!" आजोबा त्याच्या तोंडाकडे पाहून हसले आणि नोझल काढायला लागले.

काही काळ आम्ही असं निभावलं. सगळं बरोबर चाललं होतं असं मात्र लिहिणार नाही. आजोबा मला असे प्रश्न विचारायचे ज्यांची उत्तरं माझ्याकडे नसायची. ठोका प्रत्येक फेऱ्याला येतोय का एकाआड एक? पुढून येतोय का मधून? आवाजाला जागा असते, ती त्यांच्या कानाला कळायची. मला फक्त तो कसला आहे ते कळायचं. तेवढ्यावर ते बाकीचं हाताने, नजरेने, गेज लावून शोधायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवायचे: "आधी पट्टा उतरवा, मग इंजिनावर संशय घ्या." इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक पट्टा असतो. तो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर वगैरे बाहेरची यंत्रं फिरवतो. पट्टा काढून गाडी क्षणभर चालू करायची. आवाज गेला तर दोष बाहेरचा, राहिला तर आतला. पाना फिरवून काढण्याइतकं सोपं काम.

गाड्या तोवर कमी झाल्या होत्या. नव्या गाड्या गॅरंटीत असतात, त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. हाताखालचा जुना फिटरही तिकडेच कऱ्हाडला नोकरीला लागला. आजोबांनी स्कॅनर घेतला, तो गाडीला जोडून त्याच्या पडद्यावरचं इंग्रजी मी वाचायचे. तार तुटली, सेन्सर गेला, हे तो सांगायचा. ठोका कुठून येतो ते सांगायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे ज्या थोड्या गाड्या यायच्या त्या आवाजासाठीच यायच्या. बाकी सगळीकडे फिरून झालं की लोक म्हणायचे, मेजरला ऐकवा.

त्या वर्षी सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर बऱ्याच दिवसांनी सांगलीचे हळदीचे एक व्यापारी गाडी घेऊन आले. ते आमचे फार जुने गिऱ्हाईक. जैन कुटुंब, सूर्य मावळायच्या आत जेवायचे, म्हणून काम लांबणार असलं की डबा बरोबर आणून आमच्या ओट्यावर बसून जेवायचे. त्यांच्या दुकानातली प्रत्येक गाडी आजोबांच्या हाताखालून गेली होती. ड्रायव्हर माझाच विद्यार्थी, उंब्रजचा.

ते मला सांगू लागले आणि मी त्यांच्या मागून आजोबांना ओठांनी तेच परत सांगत राहिले. "वैनी, दारात कमरेएवढं पाणी. गाडी बुडाली. पाणी उतरल्यावर चिखल काढला, धुतली, पुसली, हार घातला, नारळ फोडला. म्हटलं, जीव हाय का बघावं. चावी दिली अन् आतनं असं ठप्प झालं, कुणीतरी छातीत गुद्दा घातल्यावानी."

आजोबांनी कपाळाला हात लावला. पुरातून निघालेली गाडी पहिल्यांदा चालू करताना आमच्याकडे पूजा करतात. घरातलं माणूस बुडता बुडता वाचल्यासारखं वाटतं लोकांना. टोचन लावून, दुसऱ्या गाडीने ओढत, मुकाट्याने वर्कशॉपला न्यायचं कुणाच्या मनाला पटत नाही. पण आत पाणी असताना चावी देण्यासारखी दुसरी चूक नाही. पिस्टन हवेला दाबू शकतो, पाण्याला दाबू शकत नाही. तो अडतो आणि त्याला ढकलणारा रॉड वाकतो. प्रत्येक पुरानंतर सांगलीकडच्या किती तरी गाड्या अशा हार घालून मरतात.

"मग तितल्याच एका गॅरेजवाल्यानं पाणी काढलं, ऑइल बदललं. गाडी चालू झाली," व्यापारी म्हणाले. "पण ठोका देतीय. कंपनीत दावली तर म्हणले स्कॅनरवर समदं ठीक हाय. म्या म्हटलं, मेजरशिवाय न्हाई."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. मी चहा घेऊन गेले. कान द्यायची गरजच नव्हती. खोल, जड, एका लयीत. मी आजोबांना कप देताना म्हणाले, "खलबत्ता."

त्यांचा चेहरा उजळला. मला ते अजून आठवतं. दुसऱ्याच्या गाडीचा रॉड वाकला म्हणून आनंद व्हावा असं ते नव्हतं. नारळाची गोष्ट आणि माझा शब्द, दोन्ही एकाच जागी येऊन मिळाले होते, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्यांना खात्री वाटत होती. त्यांनी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहिला. एकात थोडा कमी भरला. तेही जुळलं.

"रॉड वाकलाय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "इंजिन खोलाय लागंल."

"मेजर, तुमी म्हणाल तसं," व्यापारी म्हणाले.

इंजिन उतरवायला ड्रायव्हरने मदत केली. ते खोलण्याच्या दिवशी व्यापारी स्वतः आले आणि डबा ओट्यावर ठेवून खुर्ची टाकून बसले. आजोबांनी रॉड एकेक करून बाहेर काढले, रॉकेलने धुतले आणि जाड काचेवर आडवे ठेवले. काचेवर सरळ वस्तू सपाट बसते, वाकडी डुलते. पहिला बसला. दुसरा बसला. आजोबांनी खाली वाकून काच आणि लोखंड यांच्यातून उजेड दिसतो का ते पाहिलं. मग उरलेले. सगळे सरळ होते. बेअरिंगवर बोट फिरवलं, तीही गुळगुळीत. ते काचेकडे पाहत तसेच उकिडवे बसून राहिले.

"मेजर, काय निघालं?" व्यापाऱ्यांनी मागून विचारलं.

आजोबा हलले नाहीत.

"मेजर!"

शेडमध्ये कुठलंही यंत्र चालू नव्हतं. कॉम्प्रेसर बंद होता. हायवेवरही त्या क्षणी काही जात नव्हतं. व्यापारी उठून दोन पावलं पुढे आले, अगदी पाठीशी, आणि त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. मग ते माझ्याकडे वळले.

"वैनी... कवापासनं?"

मी आजोबांच्या पाठीकडे पाहिलं.

"मग आवाज कोण ऐकतंय?"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं. ते परत खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी माझ्या हातून कप घेतला. रागाचा एक शब्दही बोलले नाहीत. डबा मात्र न उघडता परत नेला.

इंजिन पुन्हा जोडून गाडीत बसवलं. चालू केल्यावर आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगितलं, तसंच आहे. मग त्यांनी पाना घेतला आणि पट्टा उतरवला. ड्रायव्हरने चावी दिली. ठोका नव्हता. या वेळी मी 'नाही' अशी मान हलवली आणि त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. अल्टरनेटरची पुली त्यांनी हाताने फिरवून पाहिली, मग माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं. आत पुराची रेती गेली होती, गंज चढला होता, आणि फिरता फिरता ती अडत, सुटत, अडत होती. ज्या सिलिंडरचा दाब कमी भरला होता, त्याच्या व्हॉल्व्हखाली थोडा गाळ सापडला होता. बाकी आत काही बिघडलेलं नव्हतंच.

"भाईरचं होतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "भाईरचंच होतं."

मी पुष्कळ विचार केला आहे यावर. खलबत्ता हा शब्द चुकीचा नव्हता. आजही तो आवाज तसाच होता असं मी म्हणेन. पण आवाज सांगता येतो, ऐकवता येत नाही. त्यांच्या कानाला ठोका पुढच्या बाजूने येतोय हे एका क्षणात कळलं असतं. आणि ते ज्याला त्याला शिकवत आलेला नियम त्या दिवशी वापरायला विसरले, कारण त्यांना पुन्हा एकदा खात्री असण्याचं सुख इतकं हवं होतं.

व्यापारी गाडी न्यायला आले. आजोबांच्या अगदी समोर उभे राहून, तोंड जवळ आणून, एकेक शब्द सुटा करत मोठ्याने म्हणाले, "चालायचंच, मेजर! इंजिन साफ झालं त्या निमित्तानं!" आजोबांशी त्यांच्या स्वतःच्या शेडमध्ये असं कुणी पहिल्यांदाच बोलत होतं. व्यापारी भले माणूस. त्यांनी कुठे वाईट सांगितलं नाही. पण ते परत आले नाहीत, आणि ड्रायव्हर उंब्रजचाच होता.

मग सगळे तसेच बोलायला लागले. जवळ येऊन, ओरडून. कुणी मोबाइलवर लिहून पडदा पुढे करायचा. कुणी टपरीवर म्हणायचा, "मेजरला हॉर्न दुरुस्तीला देऊ नगा, वाजतोय का न्हाई तेबी बाईंनाच इचारत्याल." मीच ते ऐकलं, जाता जाता. पुढे एक टेम्पो आला, मी सवयीने चहा घेऊन गेले आणि कप देताना वाकले. आजोबांनी हाताने मला थांबवलं. "सांगू नगं." ते चहा प्यायले, टेम्पोवाल्याला कऱ्हाडला जायला सांगितलं आणि ऊन असतानाच शटर ओढलं. "आता बास," म्हणाले. मी बास नको म्हटलं नाही. कशाच्या बळावर म्हणणार होते?

नंतर अवजारं गेली, कॉम्प्रेसर गेला, स्कॅनर ज्याला हवा होता त्याने नेला. टायरवाल्याशी बोलणं झालं आहे. आजोबा सकाळी लवकर उठतात, अंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि ओट्यावर बसतात. जेवायला बोलावलं की येतात. कधी कधी मी त्यांच्यासमोर बसून दिवसभरातलं काहीतरी सांगते. ते माझ्या ओठांकडे पाहत राहतात आणि मध्येच नजर काढून घेतात. ओठ वाचणं हे काम आहे, आणि त्या कामाला ते कंटाळले आहेत. श्रवणयंत्र कपाटात आहे. बाबांनी विचारलं की मी सांगते, लावतात.

धाकटे, तुझ्यावर कुणीही रागावलेलं नाही. तू जे बोलतेस ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. तू आलीस की त्यांच्या शेजारी बस. बोलू नकोस, ओरडू तर मुळीच नकोस.

खालच्या पट्टीतले, जड आवाज त्यांच्या उजव्या कानाला अजून थोडे कळतात. घरासमोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर गेला की ते मान वर करतात. कानाने कळतं की ओट्याच्या फरशीतून, ते त्यांनाही सांगता येत नाही. तेवढं अजून आहे.